चोराला अडवले म्हणून नोकरी गेली: नियम, कायदा आणि तुमचा हक्क

तुम्ही कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. तुम्ही खानापूर तालुक्यातील असून बेळगावातील एका साखळी सुपरमार्केटमध्ये पावणेतीन वर्षे विक्री कर्मचारी होता. एका रविवारी संध्याकाळी दोन तरुण तुपाच्या बरण्या आणि लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे पिशवीत घालून बिल न करता बाहेर निघाले. तुम्ही दाराबाहेर जाऊन त्यांच्यापैकी एकाचा दंड धरला आणि पिशवी ओढून घेतली. झटापटीत तुमचा ओठ फुटला, दोघे पळाले आणि सुमारे 2,400 रुपयांचा माल परत आला. व्यवस्थापकाने त्या रात्री पाठ थोपटली आणि नवव्या दिवशी ई-मेल आला की, चोराला हात न लावण्याचे व त्याचा पाठलाग न करण्याचे धोरण मोडल्यामुळे तुम्हाला तत्काळ कामावरून कमी करण्यात येत आहे. कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही. तुमचा प्रश्न असा की, मालकाचा माल वाचवणे हा गुन्हा कसा ठरतो आणि आता काय करावे.

तुम्हाला बरे वाटेल ते आधी सांगून अवघड ते शेवटी ठेवणे मला पटत नाही, म्हणून दोन्ही एकत्र सांगतो. कंपनीचा नियम योग्य आहे आणि तो तुम्ही मोडला, हे मान्य करूनच आपल्याला पुढे जावे लागेल. परंतु ज्या पद्धतीने तुम्हाला काढले ती पद्धत कायद्यात बसत नाही. शिवाय तुमच्या पत्रात तुम्ही ओघात लिहिलेले एक वाक्य, की दर महिन्याला ‘शॉर्टेज’ म्हणून पगारातून 300 ते 700 रुपये कापले जात, ते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याकडे मी सविस्तर येणार आहे.

बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागातील कामगार-मालक प्रकरणांत मी चोवीस वर्षे काम करतो आहे, कधी कामगाराच्या वतीने, तर कधी व्यवस्थापनाने नेमलेला चौकशी अधिकारी म्हणून. सुरुवातीच्या काळात मलाही असे नियम भेकडपणाचे वाटत. माझे मत बदलले ते एका कपड्यांच्या दुकानातील प्रकरणामुळे. सणाच्या गर्दीत साठीच्या आसपासची एक बाई दुकानातून बाहेर पडताना दुकानात काम करणाऱ्या दोन मुलांनी तिला थांबवले, कारण तिच्या पिशवीत दुकानात मिळते तशाच काठाचे ब्लाउजपीस दिसत होते. काउंटरवर सगळ्यांसमोर तिची पिशवी उपडी केली गेली. त्यातून भाजी, औषधाची पट्टी, देवाच्या प्रसादाची पुडी आणि ते ब्लाउजपीस निघाले. बाई काही बोलेना. थरथरत्या हाताने तिने कनवटीची छोटी बटवी सोडली आणि चौघडी घातलेली पावती काढून काउंटरवर ठेवली. ती गणपत गल्लीतील दुसऱ्या दुकानाची होती, त्याच दिवशीची. चौकशीत त्या दोघा मुलांनी हे सांगताना मान वर केली नाही. मुले प्रामाणिक होती, चोर पकडल्याच्या समजुतीत होती, आणि त्यांनी एका निरपराध बाईची अब्रू भर बाजारात काढली होती. ‘हात लावू नका’ हा नियम आधी अशा बाईसाठी आहे आणि मग तुमच्यासाठी.

हा वाद आपल्याकडे नवा वाटतो, पण अमेरिकेत तो अनेक वर्षे जोरात चालू आहे. जॉर्जिया राज्यातील रिंकन येथे ‘लोव्ज’ या कंपनीच्या दुकानात जून 2023 मध्ये 68 वर्षांच्या एका महिला कर्मचाऱ्याने चोरट्यांनी भरलेली ढकलगाडी धरून ठेवली. तिच्या तोंडावर ठोसे बसले आणि तेरा वर्षांच्या नोकरीनंतर धोरणभंगाच्या कारणावरून तिला काढण्यात आले. त्यावर एवढा गदारोळ झाला की कंपनीने तिला पुन्हा कामावर घेतले. त्याच वर्षी, त्याच राज्यातील ‘लुलुलेमन’ या कपड्यांच्या कंपनीने चोरीच्या वेळी मध्ये पडलेल्या दोघी कर्मचाऱ्यांना काढले आणि कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने त्या निर्णयाचे उघड समर्थन केले. या कंपन्या एवढ्या कठोर का होतात, याचे उत्तर तिसऱ्या घटनेत आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील हिल्सबरो येथे ‘होम डेपो’च्या दुकानात माल घेऊन निघालेल्या माणसाला थांबवू पाहणाऱ्या 83 वर्षांच्या कर्मचाऱ्याला त्याने ढकलले, तो पडला आणि त्या दुखापतींतून पुढे त्याचा मृत्यू झाला. दुकानातील कोणत्याही वस्तूसाठी एवढी किंमत मोजणे शहाणपणाचे नाही. तुमचा ओठ फुटला, त्या तरुणाच्या खिशात चाकू असता तर हे पत्र मला तुमच्या घरच्यांनी लिहिले असते.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दुकानदाराला संशयिताला वाजवी कारण असल्यास थोडा वेळ थांबवून ठेवण्याची कायदेशीर मुभा आहे. आपल्याकडे दुकानदारासाठी अशी वेगळी मुभा नाही, आणि हे आपल्या भागातील बहुतेक मालकांनाही ठाऊक नसते. आपल्याकडे आहे ते सर्वसाधारण नागरिकाला दिलेले मर्यादित अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि त्याच वेळी अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) असा गुन्हा करणाऱ्या व्यक्तीला कोणीही पकडू शकतो, मात्र विनाकारण उशीर न लावता आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत तिला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. आता याच संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. याचा सरळ अर्थ असा की, तुपाच्या तीन-चार बरण्यांसाठी एखाद्याला पकडून ठेवण्याचा जो अधिकार तुम्ही गृहीत धरला होता, तो बहुधा तुम्हाला नव्हताच. सुपरमार्केटमधील बहुतेक चोऱ्या याच रकमेच्या आतल्या असतात.

माणसाला मागच्या गोदामात नेऊन बसवणे, दाराला कडी लावणे, मोबाइल काढून घेणे, चोरीची कबुली लिहून घेणे, ‘दहापट दंड भर नाहीतर पोलिसांत देतो’ म्हणणे, हे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. वाट अडवणे आणि कोंडून ठेवणे हे न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खालील गुन्हे आहेत, आणि धाक घालून पैसे घेणे ही खंडणी होते. अंगझडतीचे तर कर्मचाऱ्याने नावही काढू नये. नागरिकाने कायदेशीरपणे कोणाला पकडले, तरी झडती घेण्याचा अधिकार त्याला ताब्यात घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला आहे, पकडणाऱ्याला नाही. आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेची पूर्ण काळजी घेऊन करायची असते. दारावरचा गणवेशधारी सुरक्षारक्षक याला अपवाद नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचा अधिकार तुमच्यामाझ्याएवढाच आहे.

तुमच्या बाजूची गोष्टही आहे आणि ती मी लपवणार नाही. आपल्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे चोरीपासून रक्षण करण्याचा हक्क न्याय संहितेच्या कलम 35 मध्ये मान्य केलेला आहे, आणि चोर माल घेऊन पुरता निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत तो हक्क चालतो. गरजेपेक्षा अधिक इजा करायची नाही, ही त्याची मर्यादा. तुम्ही पिशवी ओढली, माल हाती आल्यावर दोघांना जाऊ दिले आणि कोणाला मारले नाही. म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. तुम्ही कंपनीच्या शिस्तीचा भंग केला, कायद्याचा नाही, आणि हा फरक तुमच्या लेखी उत्तरात ठळकपणे आला पाहिजे. ई-मेलमधील ‘हिंसक वर्तन’ हा शब्द तर त्यांना सिद्ध करता येणार नाही.

आता नोकरीबद्दल. कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना अधिनियम, 1961 याचे कलम 39 तुम्ही स्वतः वाचावे, अशी माझी इच्छा आहे. सलग सहा महिने सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला वाजवी कारणाशिवाय काढता येत नाही, आणि कारण असले तरी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. गैरवर्तनाबद्दल नोटिशीविना काढायचे असेल, तर त्यासाठी खास चौकशी होऊन त्या चौकशीत पुरेसा पुरावा नोंदवलेला असावा लागतो. तुमची सेवा पावणेतीन वर्षांची आणि चौकशी शून्य. सीसीटीव्हीत सर्व दिसते म्हणून चौकशीची गरज नाही, असे मनुष्यबळ विभाग सांगेल. चित्रफितीत तुमचा हात दिसतो. तुम्हाला हा नियम कधी, कोणी, कोणत्या भाषेत सांगितला होता, ते त्यात दिसत नाही. सुर एनॅमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच योग्य चौकशीच्या किमान गोष्टी सांगून ठेवल्या आहेत: आरोप स्पष्ट कळवणे, साक्षीदार कर्मचाऱ्यासमोर तपासणे, त्यांना उलटे प्रश्न विचारू देणे, स्वतःची बाजू आणि स्वतःचे साक्षीदार मांडू देणे, आणि निष्कर्ष कारणांसह लिहिणे. यातील एकही गोष्ट तुमच्या बाबतीत झालेली नाही.

भाषेचा मुद्दा सीमाभागात विशेष जपून मांडावा लागतो, कारण तो मांडताच त्याला राजकीय रंग येतो आणि कामगाराचा मूळ मुद्दा बाजूला पडतो. मला येथे केवळ न्यायाचा मुद्दा मांडायचा आहे. काही वर्षांपूर्वी एका गोदामात, खोक्यांच्या थप्पीआड मांडलेल्या टेबलावर, मी चौकशी अधिकारी म्हणून बसलो होतो. समोर चंदगडकडच्या खेड्यातून रोज ये-जा करणारा एकवीस वर्षांचा मुलगा होता. आरोपपत्र तीन पानांचे, इंग्रजीत. प्रत्येक पानाखाली त्याची मराठीतली सही होती. ‘हे वाचलेस का?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, सही कर म्हटले, केली.’ दुकानातील सूचना कन्नड आणि इंग्रजीत लावलेल्या होत्या, ज्या त्याच्याबरोबर काम करणाऱ्या हुक्केरीच्या मुलाला वाचता येत होत्या आणि याला येत नव्हत्या. मी त्या दिवशी कामकाज थांबवले, आरोपपत्राचे मराठी भाषांतर मागवले आणि त्याला उत्तरासाठी आठवडा दिला. व्यवस्थापन माझ्यावर नाराज झाले. परंतु 1946 च्या स्थायी आदेश कायद्यातही स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या ठिकाणचे नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावण्याची अट होती, ती याच कारणासाठी. हाच प्रश्न उलट बाजूने कोल्हापुरात कन्नड मुलाच्या बाबतीत आला असता, तरी मी हेच केले असते. तुम्ही रुजू होताना 38 पानी इंग्रजी पुस्तिकेवर सही केली असे लिहिता. त्या सहीमुळे तुमची बाजू कमकुवत होते हे खरे, पण संपत नाही. या नियमाचे प्रशिक्षण दिल्याची नोंद त्यांनी दाखवावी, अशी मागणी करा.

आता शॉर्टेजकडे वळतो. महिनाअखेरीस मालमोजणीत जी तूट निघते ती सर्व कर्मचाऱ्यांत वाटून पगारातून कापणे, ही पद्धत बेळगावच्या बाजारात इतकी रुळली आहे की पोरांना ती बेकायदेशीर वाटतच नाही. वेतन संहितेनुसार कर्मचाऱ्याकडे विशेषतः सांभाळण्यासाठी सोपवलेला माल त्याच्याच निष्काळजीपणामुळे हरवला असेल, तरच कपात करता येते, आणि तीही त्याला म्हणणे मांडण्याची संधी देऊन. उघड्या फळीवर मांडलेला, शेकडो गिऱ्हाईक हाताळतात तो माल कोणा एका विक्री कर्मचाऱ्याकडे ‘सोपवलेला’ नसतो. म्हणजे तुमची कपात मुळातच बेकायदेशीर होती. त्याहून पुढची गोष्ट अशी की, ज्या दुकानात चोरीला गेलेल्या तुपाचे पैसे तुमच्या पगारातून जातात, तेथे कंपनी दोन तोंडांनी बोलते. पुस्तिका म्हणते, माल जाऊ द्या. पगारपत्रक म्हणते, माल गेला तर तुम्ही भरा. महिन्याला 500 रुपये कापले जाणारा माणूस यांपैकी कोणाचे ऐकेल, हे सांगायला वकील लागत नाही. तुम्ही त्या तरुणाचा दंड धरलात त्या क्षणी तुम्ही स्वतःचा पगार धरत होता. जी कंपनी तुटीची वसुली करते तिला हात न लावण्याचा नियम मोडला म्हणून कोणालाही काढण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे मी मानतो. आणि शिक्षा अवाजवी ठरवताना औद्योगिक न्यायाधिकरणापुढे, म्हणजे कामगार-मालक वाद ऐकणाऱ्या न्यायपीठापुढे, हाच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा असेल. मागील सर्व पगारपत्रके काढा. कपात रोखीने होत असेल, तर व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा.

शिक्षेच्या प्रमाणाचा विचार न्यायाधिकरण करू शकते आणि बडतर्फी कमी करून ताकीद, वेतनवाढ रोखणे किंवा काही दिवसांचे निलंबन देऊ शकते. पहिलाच भंग, निष्कलंक सेवा, स्वार्थाचा अभाव, गिऱ्हाइकाला इजा नाही आणि त्याच रात्री व्यवस्थापकाची शाबासकी, एवढे तुमच्या बाजूला आहे. मी चौकशी अधिकारी असतो तर आरोप सिद्ध झाला असे लिहिले असते आणि लेखी ताकिदीपलीकडे काहीही सुचवले नसते. मात्र दुसऱ्यांदा असे झाले तर बडतर्फीही टिकू शकते, हे लक्षात ठेवा.

दुखापतीबद्दल थोडे. अपघात भरपाईच्या कायद्यात एक कलम आहे जे कामगारांना सहसा ठाऊक नसते: सुरक्षिततेसाठी केलेला नियम जाणूनबुजून मोडल्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून अन्य बाबतींत मालक भरपाई नाकारू शकतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे सर्वसाधारणपणे 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना, मालकाच्या धंद्यासाठी केलेल्या कृतीत झालेली इजा आदेशभंग असूनही धरली जाते. तुमच्या ओठाच्या उपचाराची कागदपत्रे टाकू नका.

हे वाचणाऱ्या इतर कर्मचारी विचारतील की, मग डोळ्यांदेखत चोरी होताना करायचे काय. आमच्या बाजारातील जुनी माणसे हे न शिकवता करत. शहापुरातील एका किराणा दुकानातील वयस्क कर्मचारी संशय आला की जवळ जाऊन एवढेच म्हणत, ‘काकी, पिशवी जड झाली असेल, काउंटरवर ठेवून देऊ का?’ काकीची नजरचूक असेल तर काकी सुटली, चोरी असेल तर वस्तू गुपचूप फळीवर परत गेली, आणि संशय चुकीचा असेल तर कोणाचा अपमान झाला नाही. त्यापलीकडे माणूस दाराबाहेर गेला, तर अंगावरचे कपडे, गाडीचा क्रमांक आणि गेलेली दिशा लक्षात ठेवायची, 112 ला कळवायचे आणि चित्रण वेगळे काढून ठेवायचे. पोलीस ठाण्यात नोंद कन्नडमध्ये होईल. सही करण्यापूर्वी ती वाचून दाखवून समजावून मागण्याचा तुमचा हक्क आहे.

तुमच्या पुढील कामाला वेळेचे बंधन आहे. काढल्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत सर्व देय वेतन मिळायला हवे होते. ते मिळाले नसेल तर त्याची मागणी वेगळी करा. पूर्ण हिशेब मिळाला असे लिहिलेल्या कागदावर किंवा ‘स्वेच्छेने राजीनामा’ यावर सही करू नका, अनुभवाचा दाखला रोखून धरला तरी. एक महिन्याचा पगार खात्यात जमा झाला, तर तो हरकत राखून स्वीकारत असल्याचे त्याच दिवशी ई-मेलने कळवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि एकट्या कामगाराची बडतर्फीही तीत औद्योगिक विवाद मानली जाते. समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद मिटवण्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, विवाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते; पूर्वी ही मुदत तीन वर्षे होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून राहू नका. नियुक्तिपत्र कंपनीचे आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, हे आधी पाहा, कारण अर्जात दोघांनाही पक्षकार करावे लागेल.

सर्वांत घाईचे काम चित्रणाचे आहे, कारण दुकानातील यंत्रे ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवतात. आज रात्रीच साध्या मराठीत एक पानी पत्र लिहा: घटनेची तारीख आणि वेळ, दाराचा, काउंटरचा आणि बाहेरील पायऱ्यांचा असे तिन्ही कॅमेरे, आणि ते चित्रण निकाल लागेपर्यंत जपून ठेवावे ही मागणी. ई-मेलने पाठवा आणि उद्या सकाळी टपाल कार्यालयातून तेच स्पीड पोस्टने पाठवून पावती जवळ ठेवा. तुमच्या सोबत त्या दिवशी काउंटरवर असलेल्या मुलीला साक्षीसाठी आताच आग्रह करू नका. ती अजून त्याच दुकानात कामाला आहे.